मी हाजींकडे नेलेले पत्र

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. आजच्या सडपातळ पडद्यांशेजारी मला ठेवले तर तुम्ही हसाल. माझ्या पडद्यामागे टोपलीएवढे पोट आहे, आणि अंग मूळचे पांढरेशुभ्र होते ते आता जुन्या दातांसारखे पिवळे पडले आहे. कीबोर्डवरची निम्मी अक्षरे बोटांनी खाऊन टाकली. पण माझी हकिगत ऐकाल तर हसण्याचे कारण बदलेल, एवढे मात्र नक्की.

माझा जन्म नेमका कुठे झाला हे मला सांगता येत नाही. पडदा एका देशातला, मेंदू दुसऱ्या देशातला, आणि तारा कुठल्या ते देव जाणे. एवढे आठवते की खोक्यात बसून मी अकबाच्या बंदरात उतरलो आणि तिथून ट्रकने हादरे खात अजलूनच्या डोंगरात, ऐन-लौज गावच्या तेलघाणीत आलो. ही घाणी गावाच्या सहकारी संस्थेची. चौऱ्याऐंशी सभासद, सगळे जैतुनाच्या, म्हणजे ऑलिव्हच्या, बागा असलेले. व्यवस्थापक अबू रुश्दी यांनी मला खोक्यातून काढले आणि पहिल्यांदा काय केले असेल, तर दृष्ट लागू नये म्हणून माझ्या कपाळावर निळा मणी चिकटवला. घाणीत झाडलोट, चहापाणी आणि सगळ्यांची खरडपट्टी काढणे ही तिन्ही कामे उम्म जाबर बघत. त्यांनी माझ्यावर भरतकामाचा रुमाल घातला, तोही मी चालू असताना. मी इतका तापलो की अबू रुश्दींना वाटले, आला आणि गेला!

ते दिवस माझ्या कौतुकाचे होते. माझ्या आधी, कोणी कधी जैतून गाळायला आणायचे याच्या तारखा सांगायला अबू रुश्दी गाडी काढून अख्खा डोंगर पालथा घालत. मी आल्यावर तेच काम एका ईमेलने होऊ लागले. ज्यांच्याकडे संगणक नव्हता ते हाजी अबू सुहैब यांच्या बैठकीत जमत. हाजी म्हणजे गावातले सर्वांत मोठे वडीलधारे. त्यांची सून सलवा दुपारच्या नमाजानंतर संस्थेची मेल मोठ्याने वाचून दाखवी आणि दहाबारा शेतकरी कॉफी पीत ऐकत. माझे शब्द भर बैठकीत वाचले जातात याचा मला फार अभिमान होता. पुढे याच अभिमानाचे पाणी पाणी झाले.

तसे लहानसहान गोंधळ पहिल्यापासून होतेच. अबू रुश्दी "सोबत तक्ता जोडला आहे" असे थाटात लिहीत आणि तक्ता जोडायला विसरत. मग "आता जोडला आहे" असे दुसरे पत्र जाई, त्यातही तक्ता नसे. तिसऱ्या पत्रात तक्ता असे, पण मागच्या वर्षीचा. एकदा त्यांनी बायकोला उत्तर लिहिले, "येताना दही आणतो, रागावू नकोस," आणि बोट पडले 'सर्वांना उत्तर' या बटणावर. चौऱ्याऐंशी घरांत ते पत्र पोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी घाणीच्या दारात दह्याची सात मडकी आली. एक सभासद तर म्हणाला, "अबू रुश्दी, वहिनींना आमचा सलाम सांगा. आमच्याही घरी रागावलेली आहे, तिच्यासाठी काय नेऊ ते पुढच्या मेलमध्ये कळवा." त्या दिवशी सगळ्यांनी पोटभर दही खाल्ले. अशा चुकांना मी हसत असे, कारण त्यात कोणाचे काही बिघडत नव्हते.

मग मैसून आली. पत्रव्यवहार बघायला संस्थेने तिला नेमले. पंचविशीची, बोलायला फटकळ, आणि बोटे अशी चालत की मला धाप लागे. तिच्यामुळे घाणीला शिस्त आली. तक्ते जोडले जाऊ लागले, पत्रांना विषय मिळू लागले. एकच गोष्ट तिने बदलली नाही, ती म्हणजे पत्त्यांची वही. आमच्याकडे वडीलधाऱ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारणे म्हणजे उद्धटपणा. थोरल्या मुलाच्या नावावरून त्याला 'अबू अमका', म्हणजे अमक्याचा बाप, म्हणायचे, त्याच्या बायकोला 'उम्म', म्हणजे आई, म्हणायचे. अबू रुश्दींनी माझ्या वहीतही सगळी माणसे अशीच मोठ्या अदबीने लिहून ठेवली होती. नऊ अबू अहमद, पाच अबू खलील. मैसूनला तिच्या मस्कतच्या मामाचा पत्ता हवा होता, तोही तिने त्याच रीतीने घातला, अबू सुहैब. आणि हाजी तर आधीपासून होतेच, अबू सुहैब.

त्या वर्षी ऑक्टोबरात, जैतून झाडावरून उतरायला लागले तेव्हा मैसूनचे लग्न ठरण्याच्या बेतात होते. मुलगा अयहम, शेजारच्या शाळेत भूगोल शिकवणारा. दोघांची मने केव्हाच जुळली होती. उरली होती ती जाहा, म्हणजे मुलाकडची वडीलधारी मंडळी रीतसर मागणी घालायला येतात ती. शुक्रवारी चाळीस पुरुष मैसूनच्या आजोबांच्या घरी येणार होते. पाहुण्यांच्या म्होरक्यापुढे कॉफीचा पेला ठेवतात आणि मुलीकडचे "दिली" म्हणेपर्यंत तो पेल्याला शिवत नाही. अयहमच्या घराण्याचा म्होरक्या म्हणजे अर्थातच हाजी अबू सुहैब.

मंगळवारी दुपारी मैसूनने मामाला पत्र लिहायला घेतले. मामा तिचा लाडका, आणि सुट्टी न मिळाल्याने तो येऊ शकत नव्हता. घाणीच्याच पत्त्यावरून लिहिले, कारण दुसरा पत्ता तिच्याकडे नव्हताच. ते पत्र मला तोंडपाठ आहे.

"मामा, शुक्रवारी जाहा येतेय आणि बोलायला कोण, माहितीये? हाजी! म्हणजे संपलंच. गेल्या वर्षी लुब्नाच्या जाहाच्या वेळी त्यांनी आदमबाबापासून सुरुवात केली. मग प्रलय आणला आणि नूहच्या होडीत सगळ्यांना अर्धा तास बसवून ठेवलं. लुब्नाच्या नावापर्यंत पोचेस्तोवर कॉफीचं बर्फ झालं होतं. तिचे काका भिंतीला टेकून घोरत होते. कोणीतरी कोपर मारल्यावर दचकून उठले आणि ओरडले, 'दिली, दिली!' आणि मागणी तर अजून घातलीच नव्हती! मामा, तुम्ही यायलाच हवं होतं. मध्येच 'हाजी, होडी किनाऱ्याला लावा' म्हणायची हिंमत फक्त तुमच्यात आहे. मला भीती वाटतेय, माझं लग्न ठरेपर्यंत मी म्हातारी होईन."

मग तिने पत्त्याच्या जागी 'अबू सु' एवढे लिहिले. मित्रांनो, इथे माझाही गुन्हा कबूल करतो. पुढचे नाव मीच सुचवले. आदल्या दिवशी हाजींना तारखांचे पत्र गेले होते, म्हणून माझ्या जिभेवर तेच नाव आधी आले. मैसूनने न बघता हो म्हटले आणि पाठवून दिले.

अर्ध्या तासाने ती उम्म जाबरना म्हणाली, "खाला, इकडे या, मामाला काय लिहिलंय ते वाचून दाखवते, पोट धरून हसाल." तिने पाठवलेली पत्रे उघडली. सर्वांत वर नाव होते, आणि नावाशेजारी पत्ता. मैसूनचा चेहरा कणकेसारखा पांढरा झाला.

"काय गं? भूत बघितलंस की काय?" उम्म जाबर म्हणाल्या.

"खाला, हे हाजींना गेलं."

"काय गेलं?"

"नूहची होडी."

उम्म जाबर वाचून झाल्यावर आधी खूप हसल्या आणि मग चटकन भानावर आल्या. "सलवाला फोन लाव," त्या म्हणाल्या. "अजून नमाज व्हायचाय, तिनं उघडलं नसेल. म्हणावं, डोळे मिटून पुसून टाक."

अगदी सोपा उपाय होता. पण तेवढ्यात अबू रुश्दी आत आले. प्रकार कळल्यावर त्यांनी बाह्या सरसावल्या. "फोनबिन काही नको! हे तंत्रज्ञानाचं युग आहे. पत्र परत बोलवायची सोय असते यात, मी वाचलंय." त्यांनी माझ्याकडून पत्र परत मागवले. मित्रांनो, सुटलेले पत्र परत येत नसते. हाजींच्या घरी फक्त एक नवी चिठ्ठी पोचली, "मैसूनला तिचे आधीचे पत्र परत हवे आहे." एवढ्यावर थांबले असते तरी चालले असते. पण अबू रुश्दींनी खबरदारी म्हणून सर्व सभासदांना परिपत्रक काढले, "मैसूनने हाजी अबू सुहैब यांना पाठवलेले पत्र कोणीही उघडू नये."

पाच मिनिटांत फोन वाजायला लागला. "कुठलं पत्र? आम्हाला का नाही आलं?" "अहो, उघडू नये तर उघडू नये, पण आहे काय त्यात?" एकाने तर तक्रारच केली, "आम्हीही वर्गणी भरतो, आम्हालाही पाठवा."

इकडे बैठकीत नमाज झाला. सलवाची रीत अशी, की सर्वांत वरचे पत्र आधी वाचायचे. तिने आधी परिपत्रक वाचले. शेतकऱ्यांनी पेले खाली ठेवले. मग चिठ्ठी वाचली. सगळे पुढे सरकून बसले. मग सलवा अडखळली, पण हाजी म्हणाले, "वाच, पोरी. संस्थेचं पत्र आहे." तिने वाचले, शेवटपर्यंत. उम्म जाबरचा भाऊ तिथेच होता, त्याने फोनवरून सांगितले, "कोणी हसलं नाही. हसू दाबून दाबून आमच्या बरगड्या दुखायला लागल्या, पण कोणी हसलं नाही. हाजी उठले. काठी घेतली आणि आत निघून गेले."

मैसून माझ्यासमोर बसून रडली. तिचे रडणे उगीच नव्हते. हाजी रुसले तर जाहा येणार नाही. त्यांच्या जागी उभे राहायला घराण्यातला दुसरा कोणी धजणार नाही. आणि एकदा मोडलेली जाहा पुन्हा जुळायला वर्षे जातात, कधी जुळतच नाही. अयहमचा फोन आला तेव्हा तोही एवढेच म्हणाला, "मैसून, तू लिहिलंस ते सगळं खरंय. पण आता काय करायचं?"

बुधवारी तिने माफीचे पत्र लिहायला घेतले. पहिल्या पत्रात सगळा दोष माझ्यावर टाकला, 'संगणकाच्या बिघाडामुळे.' मला वाईट वाटले, पण मी गप्प बसलो. तिचे तिलाच पटले नाही, तिने ते पुसले. दुसरे पत्र दोन पाने झाले, त्यात तीही आदमबाबापर्यंत पोचली. तेही पुसले. तिसऱ्यात तीन ओळी उरल्या. ती पाठवणार तोच उम्म जाबरनी माझी तारच उपटली.

"खाला!"

"खाला काय खाला? काल हात भाजला, आज पुन्हा चुलीत घालतेस? हे कागदाचं काम नाही. उद्या सकाळी पायात चपला घाल आणि जा त्यांच्या दारात. तोंडानं माग माफी. तोंड आहे ना तुला? मामाला लिहिताना तर भरपूर होतं."

गुरुवारी सकाळी मैसून दाराशी चपला घालत होती, एवढ्यात घाणीसमोर हाजींची जुनी गाडी थांबली. हाजी उतरले, काठी टेकत आत आले आणि थेट माझ्यासमोरच्या खुर्चीत बसले. माझ्या आतला पंखा गरगरा फिरायला लागला.

"हीच का ती पेटी?" त्यांनी विचारले.

"हो, हाजी अम्मो." मैसून पुढे आली. "पण पेटीचा दोष नाही. शब्द माझेच होते. मला माफ करा."

"सगळे म्हणतात, पत्र चुकीच्या माणसाकडे गेलं." हाजी दाढीवरून हात फिरवत म्हणाले. "मी दोन दिवस विचार केला. मला तर वाटतं, अगदी बरोबर माणसाकडे आलं. मस्कतच्या माणसाला त्याचा काय उपयोग होता?"

मैसूनने मान वर केली.

"तीस वर्षं मी जाहांमध्ये बोलतोय. बायको म्हणायची, हाजी, आवरा. मला वाटायचं भांडायला उठलीय. बाकी कोणी कधी ब्र काढला नाही. एक सांग मला. लुब्नाचे काका खरंच झोपले होते?"

उम्म जाबर चहा घेऊन आल्या होत्या, त्यांनी परस्पर निकाल दिला. "घोरत होते, हाजी. बायकांच्या खोलीपर्यंत ऐकू येत होतं. आम्हाला वाटलं घाणीच सुरू झाली."

हाजी आधी खोकले, मग हसले, मग इतके हसले की काठी हातातून पडली. मैसून रडता रडता हसायला लागली. अबू रुश्दी दाराआडून बघत होते, तेही हसले आणि हळूच सटकले.

"चल, बस," हाजी म्हणाले आणि खुर्चीवरून उठले. "लिही. उद्याचं भाषण तूच लिही."

"मी? मला कसं मागायचं ते मीच लिहू?"

"मग कोण लिहिणार? तुझी किंमत तुझ्याहून कोणाला ठाऊक? नसेल जमत तर सांग, आदमबाबा आहेतच."

मैसून धावतच खुर्चीत बसली. तो तास माझ्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा. ती लिही, हाजी मागे उभे राहून वाकून बघत आणि सौदा करत.

"नूहची एकच ओळ घालू?"

"नाही."

"अर्धी?"

"हाजी अम्मो!"

"बरं बरं. पण अल्लाचं नाव तरी घेऊ देशील ना?"

"ते घ्या, एकदाच."

अकरा ओळींचे भाषण झाले. मैसूनने ते कागदावर छापून द्यायची तयारी दाखवली, पण हाजी म्हणाले, "कागद नको. मेल कर. मंगळवारचं ज्यांनी ऐकलं, त्यांनी आज हेही ऐकू दे. सलवा वाचेल." मला त्यांचे बोलणे कळले. तिची पत जिथे गेली होती, तिथूनच ती तिला परत मिळवून द्यायची होती.

आणि मग मैसूनने पत्र कसे पाठवले ते बघण्यासारखे होते. आधी सगळे मोठ्याने वाचून काढले. विषय लिहिला. पत्त्याची जागा तिने शेवटपर्यंत रिकामी ठेवली होती, आता ती एकेक अक्षर करत भरली. मी नाव सुचवायला गेलो तर तिने मला दटावले, "तू गप्प बस." मग उम्म जाबरना बोलावले. त्यांनी पडद्याला नाक लावून पत्ता तपासला. मग दोघींनी मिळून सलवाला फोन केला की पत्र येतेय. एवढे झाल्यावर मैसूनने हात मांडीवर ठेवले, लांब श्वास घेतला आणि बटण दाबले. त्या संध्याकाळी तिने वहीतला प्रत्येक अबू पुन्हा लिहून काढला, आडनाव आणि गावासकट. मामा झाला 'अबू सुहैब, माझा मामा, मस्कत.'

शुक्रवारी घाणी बंद होती. मी अंधारात निपचित पडून होतो आणि काय झाले असेल या काळजीने झुरत होतो. रविवारी सकाळी दार उघडले तेव्हा आधी कुनाफा या गरम मिठाईचा वास आला. मैसून भली थोरली परात घेऊन आत आली, आणि तिने सगळे सांगितले.

चाळीस माणसे बसली होती. हाजींसमोर कॉफीचा पेला ठेवला. हाजींनी चष्मा लावला, उभे राहिले आणि अकरा ओळी वाचल्या. लोक अजून नीट मांडी घालून बसत होते तोवर भाषण संपलेदेखील. मैसून दाराआड उभी होती. मग हाजींनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि स्वतःचे दोन शब्द बोलले. "हे भाषण माझं नाही. या घरच्या मुलीनं लिहिलंय. तिनं माझ्याबद्दल जे खरं होतं ते लिहिलं, आणि मी समोर गेलो तेव्हा ते शब्द आपलेच असल्याचं कबूल केलं. असं माणूस आमच्या घराण्यात आजवर नव्हतं. म्हणून आम्ही तिला मागायला आलोय."

मैसूनच्या आजोबांनी डोळे पुसले. ते एवढेच म्हणाले, "हाजी, तुमची कॉफी प्या."

हाजींनी पेला उचलला, एका घोटात रिकामा केला आणि ओरडले. तीस वर्षांत त्यांच्यापुढची कॉफी कधी इतकी गरम राहिली नव्हती. जीभ चांगलीच भाजली. त्या दिवशी पहिला हसला तो लुब्नाचा काका, कारण तो पूर्ण जागा होता.

त्यानंतर मी सात वर्षे काम केले. पुढे माझ्याहून चपळ संगणक आले आणि मला पोत्यांच्या कोठीत टाकले. दोन वर्षे मी धूळ खात पडलो. कोठीतल्या कोळ्याने माझ्या पडद्यावर संसार थाटला. वाईट वाटत होते, खोटे का सांगू? ज्याच्यासमोर हसून हसून माणसांचे डोळे भरले, त्याला कोणी विचारीना.

मग अबू रुश्दी निवृत्त झाले आणि मैसून व्यवस्थापक झाली. पहिल्याच आठवड्यात तिने मला कोठीतून काढले, मऊ कुंचल्याने झाडले आणि खिडकीशी मांडले. फक्त जगाशी जोडणारी तार मात्र जोडली नाही. ती नव्या मुलींना म्हणाली, "रागात किंवा गमतीत काही लिहायचं झालं तर आधी याच्यावर लिहायचं. चहा प्यायचा. मग वाचायचं. मग ठरवायचं."

तेव्हापासून माझी भरभराट आहे. मी आता कोणालाही काही पाठवू शकत नाही, म्हणून सगळे माझ्याकडे येतात. अबू रुश्दी आठवड्यातून दोनदा येऊन सगळ्या जगाला खरमरीत पत्रे लिहितात आणि शीळ घालत घरी जातात. परवा रहाफ नावाच्या नव्या मुलीने वाहतूकदाराला दीड पान शिव्या लिहिल्या, चहा प्याली, वाचून स्वतःशीच हसली, आणि शेजारच्या नव्या यंत्रावर दोन गोड ओळी लिहिल्या. ट्रक दुसऱ्याच दिवशी आला.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरी माझा एखादा म्हातारा भाऊ असेल तर त्याला भंगारात घालू नका. त्याची तार काढा, धूळ पुसा, जवळ बसा आणि मनातले सगळे त्याला सांगा. आम्ही कोणाला काही कळवत नाही. आता कळवूही शकत नाही.